हुरड्यानंतरची दुपार

त्या दिवसांची आठवण आली की आधी दिसतो तो कापूस. संक्रांतीच्या सुमाराला घाटंजीत सरकी काढायच्या जिनाकडे निघालेल्या बैलबंड्यांची रांग आमच्या दारावरून जायची आणि कापसाचे बारीक पुंजके उडून आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत शिरायचे. खिडकीतल्या उन्हात ते इतके सावकाश तरंगत की खाली पडायचं विसरूनच गेले असावेत.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. ह्यांना तहसील कचेरीत कारकुनी होती, आणि माझ्या पोटाला एक नवं तोंड फुटलं होतं. तोंड हा शब्द नागपूरच्या डॉक्टरांचाच. माझं मोठं आतडं सडलं म्हणून त्यांनी ते काढून टाकलं आणि लहान आतड्याचं टोक बेंबीच्या उजव्या अंगाला बाहेर आणून शिवलं. लालबुंद, ओलसर, कळीएवढं. जे काही व्हायचं ते आता तिथून, केव्हाही, मला न विचारता. त्यावर रबराची पिशवी, ती धरायला कमरेला पट्टा. धुतलेली पिशवी मी मागच्या दोरीवर जुन्या लुगड्याआड वाळत घालायची. रबराचा तो वास अजून कुठे आला की मी मागे वळून बघते.

शिकत शिकत शिकले. केळं आणि मऊ भात खाल्ला की दाट येई. उन्हाळ्यात नुसतं पाणी वाहू लागलं तेव्हा सासूबाईंनी माझं पाणीच बंद केलं, आणि मी भोवळ येऊन पडले. मग भाताची पेज, मीठ घालून, घोट घोट. संत्र्याचा नुसता रस, चोथा थुंकायचा. अंबाडीची भाजी बंद. मक्याचं कणीस बंद. हुरडा तर नावालासुद्धा नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सालं आत अडकून बसली तर पुन्हा पोट उघडावं लागेल म्हणाले.

पण खरा जाच खाण्याचा नव्हता. सासूबाईंचं सोवळं कडक. ज्या बाईच्या अंगाला सदा मैला चिकटलेला, ती स्वयंपाकघरात कशी चालेल? नागपूरहून आल्यापासून माझी जागा उंबऱ्याच्या बाहेर होती. ताट आतून सरकवलं जाई. त्या वाईट बोलत नसत, माझी पथ्यं चोख सांभाळत. मला मात्र त्या सरकणाऱ्या ताटाचा आवाज डोक्यात जायचा. चुलीजवळ बसण्यासाठी कुणी झुरेल, हे कुणाला खरं वाटणार नाही. मी झुरत होते.

अशात जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून ह्यांच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं बोलावणं आलं, हुरड्याचं. सकाळी शेतावर धुकं इतकं की माणसं अर्धी अर्धी दिसत होती. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली जात होती. त्या शेतकऱ्याच्या आईला सगळे याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. ती कणीस तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायची आणि हिरवे कढत दाणे थेट समोरच्याच्या ओंजळीत ओतायची. तिथे ताट नसतं, उंबरा नसतो. हाताचं हातात.

"खा वो माय," ती म्हणाली. "गरम हाये तवरच मजा."

मी खाल्ला. पोटभर खाल्ला. त्याचा पश्चात्ताप मला आजही होत नाही.

दुपारी घरी येऊन अंथरुणावर पडले तेव्हा पिशवी रिकामी होती. आधी थोडं पाणी आलं, मग तेही थांबलं. कळा येऊ लागल्या. पोटावरचं ते तोंड सुजून फुगलं, पोट दगडासारखं झालं. हे नागपूरच्या मोटारीची चौकशी करायला अड्ड्यावर धावले. संध्याकाळपर्यंत मोकळं झालं नाही तर निघायचं ठरलं. मला पुन्हा पोट फाडून घ्यायचं नव्हतं. तेवढी एकच गोष्ट मला कळत होती. बाकी सगळं दूर गेलं होतं, बंड्यांची घुंगरं, जिनाचा भोंगा. कापसाचे पुंजके छतापाशी थबकले होते आणि माझ्या आतही सगळं तसंच थबकलं होतं.

सासूबाई वाटी घेऊन आल्या. एरंडेल. आमच्याकडे पोटाच्या कुठल्याही तक्रारीला पहिलं औषध तेच.

"घे. पोट साफ झालं की मोकळं वाटीन."

"जुलाबाचं काही घेऊ नको म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी."

"डाक्टरले काय समजते? घे म्हणते ना!"

मी वाटी ढकलली. तेल चादरीवर सांडलं. आता शिव्या खाणार असं वाटलं. पण त्यांनी कलंडलेली वाटी उचलून बाजूला ठेवली.

"मंग काय करू, ते तरी सांग," त्या म्हणाल्या. त्या घाबरल्या आहेत हे मला तेव्हा कळलं.

"कढत पाणी हवंय. अन् त्याच्या भोवतीनं हळूहळू चोळायला हवं. माझ्यात जीव नाही."

त्यांनी ते तोंड कधी पाहिलं नव्हतं. न्हाणीत मला पाटावर बसवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले. मी पिशवी सोडली. त्यांनी एकदाच डोळे मिटले, मग उघडले. एका हाताने कमरेवर पाणी ओतत, दुसऱ्याने पोट चोळत राहिल्या, बाळाला न्हाऊ घालताना चोळतात तसं. वाफेत त्यांचा चेहरा दिसेनासा झाला. मी झोपेत होते की जागी, सांगता येत नाही. तो हात तेवढा होता.

मग आत काहीतरी सरकलं. भसकन आलं, सालांसकट, दाण्यांसकट, त्यांच्या हातावर, लुगड्यावर.

"आलं! आलं वो बाई!" सासूबाई ओरडल्या. माझा नवरा जन्मला तेव्हाही त्या इतक्या आनंदल्या नसतील.

त्यांनी हातपाय साबणाने धुतले. लुगडं मात्र बदललं नाही, अंघोळ केली नाही. तशाच भिजल्या लुगड्याने चुलीशी गेल्या आणि पेजेला तांदूळ टाकले. मी कपडे बदलून, भिंत धरत आले आणि सवयीने उंबऱ्याशी थांबले.

"काहून थांबली तिथं?" त्यांनी मागे न बघता विचारलं. "गारठून राह्यली ना. चुलीपाशी बस."

त्या खरंच विसरल्या होत्या की विसरल्याचं दाखवत होत्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी आत गेले.