दाढी झाल्यावर विचारा

मोशीला आमच्या शेजारी राहणारे काका रोज सकाळी बाल्कनीत वस्तऱ्याला धार लावतात. ग्रीलला अडकवलेल्या चामडी पट्ट्यावर वस्तरा सपसप चालू असला, की ते कुणाशी बोलत नाहीत. मग हातावरच्या केसांवर धार बघतात. त्यामुळे त्यांचा डावा हात कायम गुळगुळीत आणि उजवा अस्वलासारखा. "दाबायचं न्हाई, नुसतं फिरवायचं," हे ते मला दर रविवारी ऐकवतात. मी मशीनने दाढी करतो, हे त्यांना माझं आजारपण वाटतं.

परवा त्यांच्या मुलीला बघायला चाकणहून पाहुणे आले, तेव्हा काकूंनी मलाही बोलावलं होतं. मुलगा शिफ्ट संपवून थेट आलेला. घाईत केलेली दाढी, गाल कापलेला आणि हनुवटीखाली खुंट तसेच. काकांनी नाव-गाव विचारलंच नाही. "उठा," म्हणाले आणि त्याला बाल्कनीत खुर्चीवर बसवून फेस लावला.

गळ्याशी वस्तरा बघून मुलाची आई ताडकन उठली. "अहो, हे काय करताय?"

"हलू नका, पाव्हणं," काका मुलाला म्हणाले. "दारू पिता का?"

"नाही," तो ओठ न हलवता म्हणाला.

"खरं?"

"भावाच्या हळदीत घेतली होती. थोडी."

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली आणि त्याला बघून इतकी हसली, की ट्रे मला धरावा लागला.

"कसं वाटतंय स्थळ?" काकांनी विचारलं.

"मला पसंत आहे," ती म्हणाली. "पण बाबा, त्यांना विचारायच्या आधी वस्तरा खाली ठेवा."