सहा बाजांच्या हलीमाबी

गौरवाच्या पुस्तकात गोड तेवढं लिहा, इमारतीचा विषय काढू नका, असा निरोप तुमी नगरपालिकेच्या मेंबरांनी मला दुसऱ्यांदा धाडलात. काहून काढू नको? हलीमाबींच्या साठीला शाल आणणारे तुमीच, आणि त्यांचं बाळंतिणींचं आरामघर बंद करून तिथं धान्याचं कोठार करायचं ठरवणारेही तुमीच. सगळ्या मिळून सहा बाजा. त्याही तुमच्या बल्दियाला जड झाल्या?

मी तिथं चूल सांभाळते. लिहिणं जेमतेम येतं. हलीमाबींची पहिली ओळख झाली ती तिथल्या दाराजवळच्या बाजेवर. पुसेगावाहून मला तापानं फणफणलेली आणली होती, कुशीत आठ दिवसांची पोरगी. ताप उतरला न उतरला तोच आमचे मालक गाडी घेऊन दारात. म्हणाले, जवारी काढायला आली, घरी माणूस न्हाई.

हलीमाबी पोरीला तेल लावत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "दादा, बैलाचा पाय मुरगळला तर किती दिवस जुंपत न्हाई तुमी?"

"महिनाभर."

"मग हिला बैलाबराबर तरी धरा."

मालकांनी गाडी वळवली. ती पोरगी आता माझ्याशेजारी भाकरी थापते.

हिंदूंचा सव्वा महिना, मुसलमानांचे चाळीस दिवस. हलीमाबींचं माप सगळ्यांना एकच. आडावरून भरली घागर आणता आली की बाईनं घरी जायचं. कितीतरी जणी मुद्दाम घागर सांडायच्या. हलीमाबी तेवढ्यापुरत्या दुसरीकडं बघायच्या.

एकदा कोण्या साहेबाच्या मुक्कामासाठी चपराशी आमची रिकामी बाज उचलायला आला. हलीमाबी तिच्यावर सरळ आडव्या झाल्या. चपराशी लाजून म्हणाला, "मावशी, या वयात?"

"व्हय. लेकरू मागून येईल. आधी बाज राहू दे."

बाजेवरच्या बाईला उठवायचं नसतं, हे त्या गड्यालाही ठाऊक. तो परत गेला. दुसऱ्याच दिवशी त्या बाजेवर हट्टा गावची एक बाळंतीण आली, लुगडं रक्तानं भिजलेलं. ती वाचली. लेकरूही वाचलं.

आज सहाही बाजा भरलेल्या हाईत. एकीलाही अजून भरली घागर उचलत न्हाई. तुमचा हुकूम आल्यापासून हलीमाबी धड जेवत न्हाईत, घरीही जात न्हाईत. "माझ्या साठीत भांडण नको," एवढंच म्हणाल्या. भांडण त्यांना नको, मला चालतं.

हलीमाबींना पुष्कळ आयुष्य मिळो, त्यांचे गुडघे शाबूत राहोत, त्यांचा हात असाच हलका राहो. पण ते आयुष्य त्यांनी काढायचं कुठं? कोठारात, पोत्यांना तेल लावत?

बाजांना न्हाई म्हणायचं असेल तर शाल घेऊन आरामघरातच या. सहा बाळंतिणी बाजांवर असतील, आणि दाराजवळच्या बाजेच्या कडेला हलीमाबी बसलेल्या असतील. त्यांच्यासमोर एकेकीला तुमच्या हातानं उठवा.

बाजा राहणार का न्हाई, ते मंगळवारच्या बाजाराआधी कळवा. लेखी.