गुलाबी भिंत
डिस्टेंपरचा ताजा वास आला की आजही माझं टाळकं सटकतं. पंचवटीतल्या एका घरी मुलीचा स्थळांना पाठवायचा फोटो काढायला गेलो होतो. नवशिका होतो, उजेड मऊ पडावा म्हणून फ्लॅश शेजारच्या नुकत्याच रंगवलेल्या भिंतीकडे वळवला. भिंत गुलाबी, त्यामुळे मुलीचा सावळा चेहराही गुलाबी झाला. मी फोटो डिलीट करणार, तोच तिचे मामा कॅमेऱ्यात डोकावले. “राहू दे! काय उजळ आलीये!” “मामा, ही मी नाहीये,” ती म्हणाली. “तू गप्प बस.” मी म्हणालो, “अहो, तो भिंतीचा रंग आहे.” “असू दे ना, हाच पाठवू.” त्यानंतर स्थळांचे फोटो मी कधीच काढले नाहीत. भिंतीचंच लग्न लावायचं असेल, तर त्याला फोटोग्राफर कशाला हवा?