आक्कांच्या हातचा भात

मॅट्रिकच्या वर्षी मी एका थोर नाटककारावर निबंध लिहिला होता. ‘जीवन आणि कार्य’ असा मास्तरांनी घालून दिलेला विषय. निबंध झकास उतरला, असं सगळे म्हणाले. मला मात्र त्या माणसाचं नाव काढलं की अजून तोंड कडू होतं, म्हणून इथेही मी ते काढणार नाही.

इंग्रजांचं राज्य होतं आणि आम्ही काशीत दूधविनायकाला राहत होतो. दक्षिणेतून येणाऱ्या मराठी यजमानांचे श्राद्धविधी करायचे, हा वडिलांचा पिढीजात व्यवसाय. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. धाकटी भावंडं तर जेवता जेवता “आई, और थोडी आमटी वाढ” म्हणायची. नीट मराठी कानावर पडायची ती मास्तरांची, नाहीतर वरच्या खोलीतल्या आक्कांची.

आक्का ही आमच्याकडे राहणारी सोवळी बाई. केशवपन केलेलं, अंगावर लाल आलवण. लहानपणीच नवरा गेला तशा त्या माहेरी परतल्या. पुढे आईही गेली आणि धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. भाऊ मोठा झाला, त्याचं लग्न झालं, नाव झालं, आणि घरात आलवण नेसलेली बहीण खुपायला लागली. मग कुणा चुलत्यांबरोबर त्यांना काशीला आणून सोडण्यात आलं. तो भाऊ म्हणजेच माझ्या निबंधातला नाटककार. हे फक्त आईला, वडिलांना आणि मला ठाऊक होतं. बाहेर वाच्यता करायची नाही, अशी आक्कांची सक्त ताकीद.

“त्याला कमीपणा नको गं. मोठ्या लोकांत उठबस असते त्याची.”

मला संताप यायचा. पण त्या वयात संतापापेक्षा भक्तीच जास्त होती, कारण त्याची नाटकं मला पाठ होती. सगळ्यांत गाजलेलं नाटक एका बालविधवेचं. धाकट्या भावासाठी ती जन्म झिजवते, लोक तिला छळतात आणि शेवटच्या अंकात ती भावाचं ताट वाढून, वर पानं झाकून, नदीकडे चालू लागते. आमच्या गल्लीतल्या हौशी मंडळींनी ते गणपतीत केलं होतं. बहिणीच्या कामाला बाप्येच उभे राहायचे. दाढीची खुंटं पावडरीतून दिसत होती, तरी त्या झाकलेल्या ताटाला सगळी आळी ढसाढसा रडली. आक्का चिकाच्या पडद्याआडून बघत होत्या. घरी येताना मला म्हणाल्या, “ताट मी तसंच झाकायची हो. उशिरा यायचा ना शाळेतून.” आवाजात एवढा अभिमान, की जणू नाटक त्यांनीच लिहिलं होतं.

दर भाऊबीजेला त्यांचं एक कार्ड मी लिहून द्यायची. उत्तर कधी आलं नाही. भाऊ लांब असला की बायका चंद्राला ओवाळतात, तशा आक्का त्या संध्याकाळी छतावर जाऊन चंद्राला ओवाळायच्या. त्या दिवशीची ती बारीकशी कोर लगेच मावळते, म्हणून तेल-वात दुपारपासूनच तयार.

त्या वर्षी पितृपक्षात खुद्द नाटककार काशीला येणार, अशी बातमी आली. आपल्या वडिलांचं श्राद्ध करायला. उतरणार होते बालाजी घाटावरच्या एका श्रीमंत मराठी गृहस्थाकडे, आणि श्राद्ध सांगायचं आलं होतं आमच्या वडिलांकडे. पितृपक्षात सत्कार करू नये, म्हणून मंडळींनी सत्काराला ‘भाषण’ म्हणायचं ठरवलं, हार मात्र सांगून ठेवले. आधी मी निबंध वाचायचा आणि मग त्यांनी बोलायचं.

आक्का त्या दिवसापासून हातावर हात धरून बसेनात. खोली सारवली, भावाला आवडणारं पुरण घालायचं ठरवलं. फक्त एकदा जिना चढून वर यावं आणि चार घास खाऊन जावं, बाकी काही नको. निरोप मी द्यायचा. आणि वडिलांकडे त्यांनी आणखी एक हट्ट धरला. पिंडांचा भात सोवळ्या बायकाच शिजवतात, आक्काही तो नेहमी करायच्या. पण या वेळी दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

“माझ्या हातचं काहीतरी त्याच्या हाताला लागेल तेवढंच, शास्त्रीबुवा.”

सकाळी ओलेत्याने त्यांनी भात शिजवला. तो घेऊन मी वडिलांच्या मागोमाग मणिकर्णिकेला गेले. थोर माणूस जवळून बघायला मिळणार, निबंधात दोन ओळी वाढवता येतील, हा माझा स्वार्थ. पलीकडे चिता जळत होत्या, राखेचे कण उडून भातावर बसू नयेत म्हणून मी पदर धरून उभी. नाटककार पायरीवर बसले होते. गोरे, गुबगुबीत, रेशमी मुकटा नेसलेले. दर थोड्या वेळाने नाकाला रुमाल लावून म्हणत, “फार धूर आहे हो.”

तीर्थावरच्या श्राद्धात एकट्या बापाला पिंड देऊन भागत नाही. गेलेलं सगळं गणगोत एकेक करून आठवायचं असतं. आईवडील झाले, आजे-पणजे झाले, काका, मामा झाले. वडिलांनी विचारलं, “बहीण कुणी गेलेली?” हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारतात. पण मला वाटलं, आता तो ‘नाही’ म्हणेल आणि मी लगेच निरोप सांगून टाकीन.

“आहे ना. एक. थोरली,” नाटककार म्हणाले आणि त्यांनी आक्कांचं नाव सांगितलं. सासरचं नाव, सासरचं गोत्र, सगळं बिनचूक.

वडिलांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आक्कांच्या नावाने दर श्रावणात ते स्वतः संकल्प सोडत, त्यामुळे घोटाळा व्हायचं कारणच नव्हतं. आता ते दर्भ खाली टाकतील, ‘अहो, ती बाई माझ्या घरात जिवंत आहे’ म्हणतील, म्हणून मी श्वास धरून उभी राहिले. शेजारी बालाजी घाटावरचे ते श्रीमंत गृहस्थ उभे होते. वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं, खाकरले आणि पुढचा मंत्र म्हटला. आक्कांनी शिजवलेल्या भाताचा गोळा त्यांच्याच भावाने त्यांच्या नावाने दर्भावर ठेवला, वर तीळ आणि पाणी सोडलं. पिंड गंगेत सोडायला उचलताना तो नेमका निसटून पायरीवर पडला आणि घाटावरच्या एका बकरीने खाऊन टाकला. नाटककार हसले.

दुपारी त्या श्रीमंतांकडे पंगत होती. मास्तर मला घेऊन गेले. नाटककार रबडीची वाटी घेऊन लोडाला टेकले होते, ओठावर साय. मी नमस्कार केला नाही. सरळ म्हटलं, “आक्का आमच्या घरी राहतात. दूधविनायकाला. त्यांनी तुम्हाला जेवायला बोलावलंय.”

चमचा क्षणभर थांबला. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते त्यांनी आधी पाहिलं. मग आवाज खाली आणून अगदी मायेने म्हणाले, “बाळ, काशीवासाला आलेलं माणूस आम्हाला गेल्यासारखंच की. आणि एक सांगू? ती गेली, हे मी इतक्या वर्षांपूर्वी मनाशी धरलं म्हणून तर ते नाटक लिहून झालं. आता तिला जाऊन भेटलो, तर त्यात राम राहणार नाही.”

“घर जवळच आहे हो. जिना आहे फक्त.”

“तुझा निबंध छान आहे म्हणे. वाच, वाच.” आणि उरलेली रबडी त्यांनी वाटीला बोट लावून निपटून घेतली.

ते खोटं बोलले असते तर मला इतकी किळस आली नसती. ते खरं बोलले. जिवंत बाईपेक्षा त्यांना मेलेली जास्त उपयोगाची होती. मी निबंध खुर्चीवर ठेवला आणि निघाले. मास्तर मागून “अगं ए, अगं ए” करत राहिले. मग तो त्यांनीच वाचला म्हणे, आणि झाकलेल्या ताटाच्या उल्लेखाला बायकांनी डोळे पुसले.

घरी आले तर वरच्या खोलीत खरंखुरं ताट होतं. पुरणाची पोळी, कटाची आमटी, वर केळीचं पान झाकलेलं आणि पानावर माशा. आक्का भिंतीला टेकून बसलेल्या. वडील दारात उभे होते. आक्कांच्या नावाने पिंड दिल्याचं ते आधीच सांगून मोकळे झाले होते, कारण त्यांना वेगळीच काळजी पडली होती.

“जिवंत माणसाच्या नावाने पिंड पडला, हे वाईट झालं. तुम्हाला प्रायश्चित्त घ्यावं लागेल, आक्का. उपास, पंचगव्य.”

“आक्कांनी?” मी ओरडलेच. “आणि त्या माणसाने काही नाही? तुम्ही काही नाही? तुम्हाला तर माहीत होतं!”

“जुबान सांभाळ,” वडील म्हणाले आणि खाली निघून गेले. माझ्या जन्मात मी वडिलांचा तिरस्कार केला तो त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मी त्यांना पाणी दिलं, पण भांडं आपटून.

ते गेल्यावर आक्कांनी विचारलं, “भात नीट झाला होता ना गं? पिंड फुटला नाही ना त्याच्या हातात?”

“नाही,” मी म्हटलं. बकरीचं मी सांगितलं नाही.

त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. गोमूत्र नि शेण ओंजळीत घेऊन प्यायल्या, तोंड वाकडं न करता. नाटककार तोवर हारांसकट आपल्या गावी पोचले होते. मास्तरांनी माझा निबंध त्यांना दिला होता, आणि तो आवडल्याचं त्यांनी मास्तरांना लिहून कळवलं.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या संध्याकाळी मी तबक तयार केलं, निरांजन लावलं आणि वर गेले. “आक्का, चला ना छतावर. देर झाली तर चंद्र जाईल.”

आक्का दिव्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मला वाटलं, आता तरी यांना राग आला. बरं झालं, एकदाचा आला. मी तबक खाली ठेवलं आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले, सोबत करायला.

“तू जा, विझव ते,” आक्का म्हणाल्या. “पिंड पडलेल्या बाईने ओवाळलं, तर त्याचं काही बरंवाईट व्हायचं.”

मी हलले नाही. मग त्यांनीच हात मागे करून, न बघता, वात चिमटीत धरून विझवली.