भागाचं नाव

नात मोबाईलवर जुनी मालिका लावून बसली होती. पडद्यावर भागाचं नाव आलं, 'घरचा पाहुणा', आणि माझी मान खाली गेली.

आमच्या सायवन गावात तेव्हा टीव्ही फक्त माझ्याकडे, तोही बॅटरीवर चालणारा. रविवारी सकाळी पडवी माणसांनी भरायची. भागाचं नाव आलं की ते मोठ्यानं वाचून अर्थ मीच सांगायचो. शाळा दुसरीपर्यंत, पण टीव्ही माझा, तर अर्थही माझाच.

त्या दिवशी मी सांगितलं, "आज पाहुणा येणार." अर्धा भाग सरला तरी कोणी येईना, पडद्यावर घरातलाच एक म्हातारा नि त्याची मुलं-सुना. शेजारचे काका म्हणाले, "काय रे, पाहुण्याची गाडी चुकली का?" लोक हसले. तेव्हा माझी सातवी शिकलेली बायको मागून हळूच बोलली, "पाहुणा तो म्हाताराच. त्याच्याच घरात त्याला परक्यासारखं वागवतात ना, म्हणून ते नाव."

"वहिनी बरोबर बोलली!" सगळे म्हणाले.

मी उठलो नि बॅटरीची वायर काढली. "बॅटरी उतरली. चला घरी." आदल्याच दिवशी ती तलासरीहून चार्ज करून आणलेली सगळ्यांनी बघितली होती. तरी सगळे उठून चालते झाले. त्यानंतर बायको कधी टीव्हीसमोर बसली नाही, चुलीपाशी बसून नुसतं ऐकायची. मीही कधी ये म्हटलं नाही.

"आजोबा, ह्या नावाचा अर्थ काय?" नातीनं विचारलं.

"आजीला विचार. तिला कळतं."

बायको हात पुसत आली. नाव वाचलं, आणि तोंड उघडायच्या आधी माझ्याकडे बघितलं, बोलू का म्हणून.