किल्लीचा ठसा
दिवाळीच्या यादीत मी आधी मैदा, तूप आणि पिठीसाखर लिहिते, आणि वेलदोडा कुटायला घेतला की आमच्या गावच्या गुलमंडी बाजारामागची ती भट्टी आठवते. तेव्हा निजामाचं राज्य होतं. ताई नर्सचं शिक्षण घ्यायला हैदराबादला गेली होती. वडलांमागं घरात काकांचाच शब्द चाले. ताईचं जाणं त्यांना पटलं नव्हतं, आणि त्यांनी बजावलं होतं, तिला या घरातून काही जाणार नाही. आईनं नानकटाईचं पीठ मळलं आणि भरदुपारी ती परात घेऊन त्यांच्यासमोरूनच निघाली. "वहिनी, हे कुणासाठी?" "तुमच्या पुतणीसाठी." "मी काय म्हणलो होतो?" "घरातून नाय जाणार म्हणलात. हे भट्टीतून जाईल, भावजी." मी हसू दाबत मागं चालले. भट्टीवर साऱ्या मोहल्ल्याची नानकटाई पत्र्यांवर मांडून एकदम भाजायचे, म्हणून प्रत्येक घर आपल्या नानकटाईवर खूण उमटवायचं. कुणी शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान दाबायचं, कुणी वाटीची कड. भट्टीवाले चाचा म्हणाले, "बाई, तुम्हारी निशानी कौनसी?" आईनं कमरेची किल्ली, आमच्या थोरल्या दाराची, पदराला पुसून माझ्या हातात दिली. "दाब. प्रत्येकीवर. कुठल्या घरची हाय ते कळू दे." शेजारणी बघतच राहिल्या. संध्याकाळी काकांच्या कानावर गेलं, तोवर डबा हैदराबादच्या गाडीत बसला होता. दुसऱ्याच दिवशी काकांनी त्या दाराचं कुलूप बदललं. बदलू दे. जुनी किल्ली माझ्याकडं आहे, आणि दर दिवाळीला ताईच्या नानकटाईवर अजून तीच उमटते.