गोचिडीचा ताप

माझा मामा कोरीटला केळी करतो आणि म्हशी सांभाळतो. केळी पोटासाठी, म्हशी हौसेसाठी, असं मामी म्हणते. दुपारी गोठ्यात बसून तो म्हशींच्या कानांमागच्या गोचिडी हातानं काढतो. तेव्हा त्याला हाक मारून उपयोग नसतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत त्याला थंडीताप भरला. लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली. गावातल्या डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या, पण ताप हटेना. शेवटी मामी त्याला नंदुरबारला घेऊन आली. मी इथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते.

त्याचं रक्त मीच काढलं. हात इतका गरम होता की माझाच जीव घाबरला. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींत बारीक कड्या दिसल्या, अगदी मलेरियासारख्या. पण मलेरियाची किट चाचणी निगेटिव्ह आली, पुन्हा केली तरी तेच. मग एका पेशीत चार ठिपके फुलीसारखे जुळलेले दिसले. असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी डॉक्टर मॅडमना बोलावलं.

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग मामाच्या खाटेशी येऊन त्यांनी विचारलं, "पूर्वी काही मोठं ऑपरेशन?"

मामी म्हणाली, "लगीनना आधी ट्रॅक्टर उलटेल व्हता. यासनी पाणथरी काढेल शे."

"आणि गोचीड चावते कधी?"

मामाला त्या तापातही हसू आलं. "ती तं रोजच चावस."

मॅडमनी समजावलं, "गोचिडीमुळे गुरांना लाल लघवीचा आजार होतो, तसलाच परजीवी असावा. माणसाला क्वचित होतो, पण पाणथरी, म्हणजे प्लीहा, नसली की जड जातो. औषध आजच सुरू करू. खात्रीसाठी मात्र रक्त जनुकीय चाचणीला पुण्याला पाठवू."

"रक्तमा काय पाहतीन पुण्याना लोके?" मामानं मला विचारलं.

मी म्हटलं, "मामा, तुझी टिश्यू कल्चरची केळी एका तुकड्यापासून किती रोपं देतात? तसंच. त्या जंतूच्या जनुकाचा इवलासा तुकडा यंत्रात वाढवत नेतात. भरपूर झाला की तो कोणाचा ते ओळखता येतं."

मामानं मान डोलावली. एवढं त्याला पटलं.

अहवाल येईपर्यंत ताप उतरू लागला होता. मॅडमचा अंदाज खरा निघाला: गोचिडीतून येणारा तोच परजीवी, बबेसिया. मी खाटेशी उभी राहून वाचून दाखवलं.

"म्हणजे म्हैस आजारी शे का?" मामा उठून बसला. "तिले आधी डॉक्टरले दखाडा!"

मामीनं कपाळाला हात लावला. "स्वतःना जीव जाई ऱ्हायंता, अन् याले म्हैसनी पडेल शे!" ओरडता ओरडता ती रडायलाच लागली. मामा तिचा हात धरून बसला. त्या दोघांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

औषधं संपल्यावर पुन्हा रक्त पाठवलं. या वेळी काही सापडलं नाही. त्या दिवशी दोघं माझ्याकडे जेवायला आली. ताटं उचलून मी बाहेर आले, तर मामी भिंतीला टेकून गाढ झोपलेली. मामानं स्वतःची शाल तिच्या अंगावर घातली होती. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, पोरी. इतला दिन ती झोपेल नही."